रस्त्यावरचा राग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बसवनगुडी येथे दिलेले भाषण)



 चिटणीसांनी मला सुचविलेला विषय होता 'केंद्र सरकारच्या सेवेतील माझे अनुभव'. परंतु सरकारी नोकराचे अनुभव ऐकण्यास श्रोते स्वखुशीने थांबले आहेत असे मी आजवर पाहिलेले नाही; आणि सेवेत असेपर्यंत ते फारसे सांगताही येत नाहीत. म्हणून मी विषय बदलून मागितला. कारण असे, की गेल्या वर्षभरात मंडळाच्या ज्या ज्या सभांना मी हजर होतो, त्या प्रत्येक सभेचा आरंभ ईशस्तवनाने न होता वाहतुकीच्या निंदेने झाला. कोणी जयनगरहून आलेला, कोणी मल्लेश्वरमहून, कोणी बिचारा थेट व्हाइटफील्डहून. पाऊण तास उशिरा पोचलेला प्रत्येक सभासद चपला काढता काढताच सांगू लागे, की आज अमुक चौकात किती वेळ गेला आणि तमुक रिक्षावाल्याने कशी आडवी घातली. चहा येईपर्यंत हेच चाले. विचार आला, ज्या विषयावर आपण इतके मनापासून बोलतो त्यावर एकदा सभाशास्त्राप्रमाणे अध्यक्षांच्या परवानगीने का बोलू नये?

आरंभीच एक खुलासा करतो. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे. साधा बी. ए. आहे. जे सांगणार आहे त्यातले थोडे वाचलेले आहे आणि बरेचसे चालकाच्या आसनावर बसून शिकलेले आहे. शिकण्याची फी मात्र जबर पडली. त्याविषयी पुढे सांगतो.

आपण ज्या बसवनगुडीत आज जमलो आहोत, ती वसाहत १८९८ च्या प्लेगनंतर आखली गेली. जुन्या पेठांतली दाटी रोगाला पोषक ठरली, म्हणून मोकळी हवा, रुंद रस्ते आणि झाडे यांचा विचार करून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही दोन उपनगरे वसविण्यात आली. म्हणजे गर्दीपासून सुटका हाच या जागेच्या जन्माचा हेतू होता! तेव्हाच्या आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टांगे आणि बैलगाड्या असतील. आज बेंगळुरात नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. टॉमटॉम या डच कंपनीने जगातल्या शहरांच्या वाहतुकीची जी मोजदाद केली, तिच्यात २०१९ साली आपल्या शहराचा पहिला क्रमांक लागला. मोकळ्या रस्त्यावर लागेल त्याहून सरासरी ७१ टक्के अधिक वेळ येथे लागत होता. २०२२ साली शहराच्या मध्यभागात १० किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागत होती. इतक्या वेगाने चांगला सायकलस्वारही जातो.

जाता जाता एक आठवण देतो. हेच बेंगळूर १६३८ पासून शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि पुढे १६८७ साली ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले, तो व्यवहार तीन लाख रुपयांचा होता असे इतिहास सांगतो. आज तेवढ्या पैशांत बरीशी मोटारही येत नाही. असो.

२००९ साली बदली होऊन मी येथे आलो. घर बसवनगुडीत आणि कचेरी कोरमंगलात. अंतर सात-आठ किलोमीटर. लालबागच्या कडेने, डेअरी सर्कलवरून रोजचा रस्ता. पहिल्या पाच वर्षांत माझ्या स्वभावात जो पालट झाला तो माझ्या ध्यानात आला नाही, घरच्यांच्या आला. कचेरीत मी शांत म्हणून ओळखला जात असे. हाताखालच्या माणसाला मी कधी अरेतुरे केलेले नाही. परंतु मोटारीचे दार लागले, की दुसराच कोणी गृहस्थ माझ्या आसनावर येऊन बसे. समोरचा दिवा हिरवा होताच पुढची गाडी क्षणभर थबकली तरी माझा तळवा हॉर्नवर जाई. कोणी डावीकडून पुढे काढली, की त्याला गाठून पुन्हा मागे टाकल्याखेरीज मला चैन पडत नसे. सौभाग्यवती शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबीत असे. मी हसण्यावारी नेत असे.

२०१४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, बारीक पाऊस, आणि रामकृष्ण आश्रमाच्या चौकाकडे येणारी वाहने एकमेकांना चिकटून उभी. आम्ही दोघे एका लग्नाच्या स्वागतसमारंभाला निघालो होतो व आधीच उशीर झाला होता. इतक्यात डावीकडून एक जुनी स्कूटर पुढे सरकली आणि तिच्या दांड्याने माझ्या मोटारीचा आरसा मुडपला. आरसा फुटला नाही. ओरखडासुद्धा नंतर शोधावा लागला. पण मी दार उघडून भर रस्त्यात उतरलो. स्कूटरवर सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ होते, पुढ्यात कापडाचे गाठोडे. मी त्यांना हिंदीत आणि इंग्रजीत काय काय बोललो ते आठवत नाही. हात उगारला होता हे आठवते. तो खाली आणला तो त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेण्यासाठी. आणि किल्ली मुठीत घेऊन मी मराठीत एक शिवी दिली.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाचा हा एक सोयीचा समज असतो, की मराठीत दिलेली शिवी कोणाला कळत नाही.

ते गृहस्थ स्कूटरवरून उतरले नाहीत. पावसात तसेच बसून राहिले आणि म्हणाले, "साहेब, किल्ली द्या. मला मराठी येते."

त्यांचे उच्चार येथल्या जुन्या मराठी घराण्यांचे होते. आपणांतले अनेकजण ज्या वळणाचे मराठी बोलतात, तेच. ज्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी या मुलखात आले, ज्यांनी शाळेत कन्नड शिकून घरात मराठी टिकवली, त्यांतलेच ते एक. आम्ही बदल्यांवर येणारी माणसे. चार वर्षे राहतो, मंडळात भाषणे करतो आणि मराठी कशी टिकेल याची चिंता वाहतो. त्यांनी ती टिकवली होती, आणि तिचा उपयोग मी त्यांच्याशी अशा रीतीने केला. मी किल्ली दिली. मागे वाहनांचा आक्रोश चालला होता. ते निघून गेले. क्षमेचा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. निघावयास हवा होता, परंतु घसा कोरडा पडला होता आणि हात इतके कापत होते, की मोटारीचे दार लागेना.

स्वागतसमारंभाला आम्ही गेलो नाही. घरी आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, "उद्यापासून गांधी बाजारला मी चालतच जाईन." आणि ती खरोखरच चालत जाऊ लागली. भाजी आणायला चालत, देवळात चालत, मैत्रिणीकडे जायचे तर बसने. माझ्या शेजारच्या आसनावर ती पुन्हा बसली ती सुमारे तीन महिन्यांनी. मंडळी, पस्तीस ओळींचा मेमो मी आयुष्यात अनेकांना दिला आहे आणि एक-दोनदा घेतलाही आहे. त्या एका वाक्याइतका कोणताच मेमो मला लागला नाही.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा सरकारी मनाने दुसरा हिशेब मांडला. तो हात उगारलेलाच राहून खाली पडला असता तर? पोलिसात तक्रार, अटक. केंद्र सरकारच्या १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांतला दहावा नियम माझ्या चांगल्या परिचयाचा आहे: कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, तर तो निलंबित झाला असेच मानले जाते. वेगळा विचार करण्याचीही गरज पडत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते वृद्ध गृहस्थ. पतियाळा शहरात २७ डिसेंबर १९८८ रोजी रस्त्यात वाहन उभे करण्यावरून बाचाबाची झाली, हातघाई झाली आणि गुरनामसिंग नावाचे ६५ वर्षांचे गृहस्थ मरण पावले. समोरचे होते क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू. तो खटला या न त्या न्यायालयात चालतच राहिला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एक हजार रुपये दंड केला आणि फेरविचारात १९ मे २०२२ रोजी एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. काही मिनिटांचा राग आणि तेहतीस वर्षांहून अधिक काळ तारखा! मृताच्या घरी तर तारखांनी काहीच परत येत नाही.

तेव्हापासून मी या रागाकडे एखाद्या फायलीप्रमाणे पाहू लागलो. हा येतो कोठून? घरी, कचेरीत, देवळात जो माणूस बरा असतो, तो चाकांवर चढला की असा का होतो?

याच गांधी बाजारात १९४३ पासून विद्यार्थी भवन आहे. रविवारी सकाळी तेथील डोशासाठी माणसे पाऊण पाऊण तास दाराबाहेर उभी राहतात. कोणी कोणाला ढकलीत नाही, कोणी ओरडत नाही, अनोळखी माणसांत गप्पासुद्धा जमतात. तीच माणसे डोसा खाऊन बाहेर पडली, मोटारीत बसली, की डीव्हीजी मार्गाच्या तोंडाशी दोन मिनिटे थांबणे त्यांना असह्य होते. म्हणजे थांबण्याचा आपल्याला तिटकारा आहे असे नव्हे. रांगेत आपल्याला पुढच्या माणसाचा चेहरा दिसतो, त्याच्या कडेवरचे मूल दिसते. धक्का लागला तर तो मागे वळून "सॉरी" म्हणतो. मोटारीच्या पुढे मोटारीची पाठ असते. पाठीला चेहरा नसतो आणि काचेआडून क्षमा मागता येत नाही. आपण माणसावर चिडत नाही, एका नंबरावर चिडतो. आणि नंबरावर चिडताना भीडभाड राहत नाही.

दुसरे कारण शरीराचे आहे. राग आला, की ॲड्रिनलिन रक्तात उतरते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात. ही सारी तयारी आपल्या पूर्वजांना पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी उपयोगी होती. वाघ समोर आला तर ठीक. परंतु आपण पट्टा बांधून बसलेलो असतो. पळता येत नाही, झुंजता येत नाही. मग ती तयारी जाणार कोठे? उजव्या पायात आणि हॉर्नवरच्या तळव्यात. अशी तयारी दिवसातून दोन वेळा, वर्षातून अडीचशे दिवस होत असेल तर हृदयाने काय करावे? माझ्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून देताना मला विचारले होते, "आपण कचेरीत फार ताणाखाली असता का?" मी म्हणालो, "कचेरीत नाही. कचेरीला जाताना."

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माणूस आपल्या चुकीचे कारण परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या चुकीचे कारण त्याच्या स्वभावात. ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या खोडीला नावच देऊन ठेवले. आपल्या भाषेत सांगायचे तर, मी आडवी घातली तर मला घाई होती. दुसऱ्याने घातली तर त्याला माज आला. मी सिग्नल चुकलो तर दिवा झाडाआड होता. दुसरा चुकला तर त्याचा बाप रस्त्याचा मालक लागून गेला आहे! दिवसभरात रस्त्यावर जितके निकाल आपण देतो तितके कोणत्याही न्यायाधीशाने वर्षात दिले नसतील, आणि सगळे एकतर्फी.

आणखी एक गंमत पाहा. राग अनावर असतो असे आपण म्हणतो. १९६८ साली अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या दोघांनी कॅलिफोर्नियातील एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवा हिरवा झाल्यावरही एक मोटार मुद्दाम हलवायची नाही आणि मागचा केव्हा हॉर्न वाजवितो ते पाहायचे. काही वेळा मोटार नवी, महागडी होती. काही वेळा जुनी, गंजकी. जुन्या मोटारीमागचे लोक लवकर आणि अधिक संख्येने हॉर्न वाजवू लागले. श्रीमंत मोटारीमागे पुष्कळांनी निमूट वाट पाहिली. याच प्रसंगी आपण काय कराल, असे विद्यार्थ्यांना कागदावर विचारले तेव्हा तरुणांनी उलटेच लिहिले: महागड्या गाडीला आम्ही आधी वाजवू! हे वाचले तेव्हा मला पावसातली ती जुनी स्कूटर आठवली. तिच्या जागी एखाद्या मंत्र्याची गाडी असती तर मी उतरलो असतो काय? मुळीच नाही. माझा राग अनावर नव्हता. माणूस पाहून तो आवरत होता किंवा सुटत होता.

राग ओकून टाकावा म्हणजे मन मोकळे होते, असा एक समज आपल्याकडे आहे. तोही तपासून पाहण्यात आला. २००२ साली ब्रॅड बुशमन यांनी चिडलेल्या विद्यार्थ्यांना, ज्याने चिडविले त्याचा विचार करीत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारू दिले. ते शांत झाले नाहीत, अधिकच चिडले; नुसते स्वस्थ बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा बरे निघाले. म्हणजे मोटारीत एकट्याने शिव्या देत बसणे हे औषध नव्हे, तालीम आहे. दुसऱ्या दिवशी ती तालीम कामास येते.

हे सारे आपल्या पूर्वजांना अज्ञात होते असे नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयाच्या चिंतनापासून आसक्ती, तिच्यातून काम, कामातून क्रोध आणि तेथून स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश अशी जी उतरंड सांगितली आहे, ती मोटार चालविणाऱ्याने आपल्यावर पडताळून पाहावी. कचेरीत नऊला पोचण्याचे चिंतन, हीच आसक्ती! आणि हे लक्षात घ्या, की ती शिकवण दिली गेली तीही भर गर्दीत थांबलेल्या रथात. पैठणच्या नाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गोदावरीचे स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकतो आणि ते पुन्हा पुन्हा स्नान करतात, एकशे आठ वेळा. लहानपणी मला ही कथा नाथांच्या सहनशीलतेची वाटे. आता वाटते, नाथांना घरी पोचण्याची घाई नव्हती हे त्यात मोठे. ज्याला उशीर झालेला नाही त्याला शांत राहणे सोपे जाते.

म्हणून माझा पहिला उपाय अगदी गद्य आहे: मी पंचवीस मिनिटे आधी निघतो. काही आठवडे मी एक वही ठेवली होती, सरकारी सवय. एके दिवशी गाड्या कापीत, चिडत जायचे आणि दुसऱ्या दिवशी आपल्या रांगेत राहून. दोन्ही वेळा पोचण्याची वेळ लिहायची. फरक चार-पाच मिनिटांच्या पलीकडे क्वचितच गेला. हिशेबानेही तेच येते. आठ किलोमीटर ताशी २० च्या वेगाने गेलो तर चोवीस मिनिटे, ताशी २४ ने गेलो तर वीस. या चार मिनिटांसाठी मी रोज रक्तदाब वाढवीत होतो, आणि ती चार मिनिटे कचेरीत पोचल्यावर वर्तमानपत्र वाचण्यात घालवीत होतो.

येथे एक कबुली द्यायलाच हवी. ज्या गृहस्थाला सिग्नलचे १८० सेकंद असह्य होत, त्याच्याच टेबलावर नागरिकांचे अर्ज महिना महिना पडून असत. ते लोकही थांबत होतेच. त्यांना हॉर्न नव्हता, एवढाच काय तो फरक. ही गोष्ट मला एका लाल दिव्याखाली सुचली आणि त्या दिवशी कचेरीत गेल्यावर मी खालचे गठ्ठे वर घेतले. वाहतुकीने सरकारी कामाला गती दिल्याचे हे बहुधा एकच उदाहरण असेल.

बाकीचे उपाय किरकोळ आहेत, पण उपयोगी पडले म्हणून सांगतो. जबडा आणि मुठी सैल सोडायच्या. राग प्रथम तेथे येतो. श्वास सावकाश बाहेर सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यायचा. कोणी आडवे घुसले, की त्याच्या बाजूने एक कारण मोठ्याने बोलायचे, मग ते खोटे का असेना: याच्या मुलाची परीक्षा असेल, याचे पोट बिघडले असेल. हे दुसरे कारण पुष्कळदा खरेही असावे. पुढच्या वाहनापासून अंतर ठेवायचे. अंतर ठेवले, की कोणीतरी त्यात घुसतो, अशी आपली तक्रार असते. घुसू दे. पुन्हा ठेवायचे. आणि काहीही झाले तरी, माणूस जखमी असल्याखेरीज, रागाच्या भरात मोटारीतून उतरायचे नाही.

शेजारच्या चालकाशी बोलण्याची वेळ आलीच, तर कन्नडात बोलावे. हे मी मुद्दाम सांगतो. गेल्या काही वर्षांत या शहरात रस्त्यावरचे भांडण पाच मिनिटांत भाषेचे भांडण होते. आरसा मुडपलेला असतो आणि गर्दी जमते ती कोण कोठला हे ठरविण्यासाठी. "तप्पायितु", म्हणजे माझी चूक झाली. "नीवु मोदलु होगि", म्हणजे आधी आपण जा. एवढी दोन वाक्ये पाठ असली तरी बरेच भागते. या शहराचे बोधवाक्य म्हणावे असे "स्वल्प अड्जस्ट माडि" तर आपण सारे थट्टेने म्हणतोच. त्यातला 'स्वल्प' आपलाच. मराठीत तो बहुतेक विरामचिन्हात उरला आहे. लाल दिवा हा पूर्णविराम नसून स्वल्पविराम आहे, असे मी हल्ली मनाला सांगतो. शिक्षक मंडळींनी ही कोटी क्षमा करावी.

सर्व दोष चालकाच्या मनावर ढकलून मोकळे व्हावे, असे मात्र माझे मत नाही. पदपथावर दुकान, रस्त्यात खड्डा, आज केलेला रस्ता उद्या खणलेला. याचा राग येणे रास्त आहे आणि तो कोणी दीर्घ श्वासांनी घालवू नये. त्या रागाने पत्र लिहावे, तारीख घालावी, पोच घ्यावी आणि महिन्याने स्मरणपत्र धाडावे. मी स्वतः सरकारी असल्याने सांगतो, तिसऱ्या स्मरणपत्राला आम्ही भितो. पण तो राग शेजारच्या स्कूटरवाल्यावर काढण्यात काय अर्थ? खड्डा त्याच्याही वाट्याला आलेला असतो, आणि आपल्यापेक्षा अधिक, कारण त्याला दोनच चाके असतात.

सरकारही आपल्या परीने उपाय करते. मी दिल्लीत नोकरीस असताना काही चौकांतल्या लाल दिव्यावर 'रिलॅक्स' अशी अक्षरे उमटत. उन्हाळ्यात ती वाचून माझी चीड वाढे, पण कल्पना वाईट नव्हती. मुंबई पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस याहून चतुर प्रयोग केला आणि जानेवारी २०२० मध्ये तो चित्रफितीतून लोकांपुढे आणला. सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडले. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितके वाजवाल तितके थांबाल! मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजविण्यास पहिल्या वेळी १,००० रुपये दंड ठेवला आहे. तो वसूल होताना मी अद्याप पाहिलेला नाही. मेट्रोची हिरवी मार्गिका जून २०१७ मध्ये आपल्या नॅशनल कॉलेज आणि साउथ एंड सर्कलपर्यंत आली आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय विद्यालय मार्गापासून बोम्मसंद्रापर्यंत पिवळी मार्गिका सुरू झाली. माझ्या कचेरीच्या दाराशी यांतली कोणतीच जात नाही. तरी आठवड्यातून दोन-तीन दिवस मी मोटार घरी ठेवून बसने जातो. बसमध्येही वेळ तितकाच जातो, पण हॉर्न माझ्या हाताशी नसतो, आणि हा मोठा आराम आहे.

शेवटी या गावच्या देवाविषयी. बुगल रॉकजवळच्या टेकडीवरचा आपला दोड्ड बसवण्णा, एका अखंड शिळेतला पंधरा फूट उंचीचा नंदी, आपण सर्वांनी पाहिला आहे. केंपेगौडांनी सोळाव्या शतकात हे देऊळ बांधले असे मानतात. परंतु लोककथा वेगळी आहे. पूर्वी येथे सुंकेनहळ्ळी नावाचे गाव होते, भोवती भुईमुगाची शेते. एक बैल रोज येऊन पीक खाई. एका शेतकऱ्याने संतापाच्या भरात त्याला सोट्याने हाणले, आणि बैल जागच्या जागी दगड होऊन बसला. मग शेतकरी पस्तावले. त्यांनी देऊळ बांधले आणि दर वर्षी भुईमुगाचे पहिले पीक त्याला वाहू लागले. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणारी कडलेकायी परिषे, ती हीच. म्हणजे ज्या वसाहतीला आपण बसवनगुडी म्हणतो, तिचे दैवतच एका माणसाच्या रागातून जन्मले आहे. आणि जत्रा भरते ती त्याच्या पश्चात्तापाची. परिषेच्या दिवसांत देवळाचा रस्ता वाहनांना बंद असतो. शेंगांचे ढीग लागतात, हजारो माणसे अंगाला अंग घाशीत चालतात आणि कोणी कोणावर ओरडत नाही. त्या घटनेनंतर दर वर्षी आम्ही दोघे तेथे चालत जातो. पत्नी शेंगा घेते. मी गर्दीत चेहरे पाहत असतो.

मी ते गृहस्थ शोधले. चिकपेटेतल्या दोन-तीन शिंप्यांच्या दुकानांत, गाठोड्यावरून अंदाज बांधून, चौकशी केली. नाव ठाऊक नसल्याने सारे व्यर्थ गेले. स्कूटरचा क्रमांक मी पाहिला नव्हता. आरशावरचा ओरखडा तेवढा पाहिला होता. आता ते ऐंशी ओलांडून गेले असतील.

हे मी आजपर्यंत मंडळात कोणास सांगितले नव्हते. येथे जुन्या मराठी घराण्यांतली अनेक माणसे बसली आहेत. २०१४ च्या पावसाळ्यात कोणाचे वडील, काका, आजोबा भिजून घरी आले असतील आणि एका साहेबाने किल्ली काढून घेतल्याचे त्यांनी सांगितले असेल, तर कृपा करून मला त्यांचा पत्ता द्यावा. कार्यक्रम संपल्यावर मी दाराशी उभा आहे.